सीसॅट: शेवटच्या दोन पर्यायांपैकी चुकीचाच पर्याय का निवडला जातो?

प्रश्न: अभ्यासिका_लातूर

नमस्कार. मी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेची तयारी करत आहे. हा माझा दुसरा प्रयत्न आहे. पहिल्या प्रयत्नात सामान्य अध्ययनाचा पेपर समाधानकारक गेला होता, परंतु दुसऱ्या पेपरमध्ये, म्हणजे आकलन व तर्कक्षमता तपासणाऱ्या सीसॅटमध्ये, मला पात्रतेचे ६६ गुण मिळाले नाहीत. हा पेपर २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता आहे हे खरे असले, तरी त्यात ३३ टक्के न मिळाल्यास पहिल्या पेपरच्या गुणांचा काहीच उपयोग होत नाही, हे मी अनुभवले आहे.

गणित हा माझा भक्कम विषय नाही, म्हणून मी उताऱ्यांवरील आणि तर्कावरील प्रश्नांवर भिस्त ठेवली आहे. अडचण तिथेच येते. चारपैकी दोन पर्याय मी सहज बाद करतो, उरलेल्या दोनांमध्ये बराच वेळ घालवतो आणि शेवटी चुकीचा पर्याय निवडतो. हा केवळ माझा समज आहे का, हे पाहण्यासाठी मी मागील सहा सराव चाचण्यांची नोंद ठेवली. ४७ प्रश्नांमध्ये मी शेवटच्या दोन पर्यायांवर अडकलो होतो आणि त्यांपैकी ३० प्रश्न चुकले. डोळे मिटून निवड केली असती तरी साधारण निम्मे बरोबर आले असते, याचा अर्थ माझ्या विचारातच काहीतरी सातत्याने चुकत असावे.

उदाहरणादाखल एक प्रश्न आठवणीतून मराठीत देत आहे.

उतारा: ठिबक सिंचनामुळे एका एकराला लागणारे पाणी कमी होते. तरीही ठिबकचा प्रसार झालेल्या काही तालुक्यांत भूजलाची पातळी खालावतच राहिली, कारण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी पूर्वी कोरडवाहू असलेली जमीनही ओलिताखाली आणली आणि कमी पाण्याच्या पिकांऐवजी अधिक पाण्याची पिके घेतली.

या उताऱ्यातून काढता येणारा सर्वांत तर्कसंगत निष्कर्ष कोणता?
(अ) ठिबक सिंचनाने भूजलाची बचत होत नाही.
(ब) पाणी वापरण्याच्या पद्धतीत काटकसर आली, तरी पाण्याचा एकूण वापर घटेलच असे नाही.
(क) ओलिताच्या क्षेत्रावर मर्यादा घातल्याशिवाय ठिबक सिंचनाने भूजल वाचणार नाही.
(ड) शेतकऱ्यांना भूजलाच्या घटीची पुरेशी जाणीव नाही.

मी (अ) आणि (ड) बाद केले आणि (क) निवडला. उत्तरतालिकेत (ब) आहे. मला आजही (क) अधिक ठोस वाटतो, कारण तो उताऱ्यातील समस्येच्या मुळाशी जातो, तर (ब) हे विधान इतके सौम्य आहे की त्यातून काही निष्पन्न होत नाही. माझे कुठे चुकते, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

उत्तर १: पूर्वपरीक्षार्थी

यासाठी मी एक साधा नियम वापरतो. ज्या पर्यायात ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीच’, ‘शिवाय नाही’ असे टोकाचे शब्द असतील तो सोडावा आणि ‘शकते’, ‘असेलच असे नाही’, ‘काही प्रमाणात’ असे शब्द असलेला पर्याय निवडावा. तुमच्या उदाहरणात (अ) आणि (क) हे टोकाचे आहेत, (ब) सौम्य आहे. या नियमाने माझे बरेच प्रश्न सुटले आहेत.

उत्तर २: दोनदा_मुख्य

वरील नियम या प्रश्नाला लागू पडतो, परंतु तो का लागू पडतो हे समजले नाही तर पुढच्याच प्रश्नात तो फसवतो. समजा उताऱ्यात असे म्हटले आहे की एका योजनेसाठी अर्ज करताना सातबारा उतारा जोडणे अनिवार्य आहे. आता दोन पर्याय पाहा. पहिला: सातबारा नसलेली एकही व्यक्ती या योजनेसाठी परिपूर्ण अर्ज करू शकत नाही. दुसरा: सातबारा असलेली व्यक्ती सामान्यतः या योजनेस पात्र ठरते. पहिल्यात ‘एकही नाही’ असा कठोर शब्द असूनही तो बरोबर आहे, कारण मूळ विधानच तितके कठोर आहे. दुसऱ्यात ‘सामान्यतः’ हा मऊ शब्द असूनही तो चूक आहे, कारण पात्रतेच्या अन्य अटींबद्दल उतारा काहीही सांगत नाही. पर्यायातील शब्द कठोर आहे की मऊ, एवढेच पाहून भागत नाही. तो शब्द उताऱ्यातील शब्दापेक्षा अधिक कठोर आहे का, हे तपासावे लागते.

आता मूळ प्रश्नकर्त्याकडे वळतो. तुम्ही (क) निवडण्याचे जे कारण दिले आहे, त्यातच तुमच्या ३० चुकांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ असावे असे मला वाटते. तुम्ही लिहिले आहे की तो ‘अधिक ठोस’ आहे आणि ‘समस्येच्या मुळाशी’ जातो. म्हणजे शेवटच्या दोन पर्यायांवर आल्यावर तुम्ही उतारा बाजूला ठेवला आणि दोन्ही पर्यायांची एकमेकांशी तुलना केली: यांतले अधिक महत्त्वाचे, अधिक उपयुक्त, अधिक शहाणपणाचे विधान कोणते? प्रश्न तर केवळ एवढेच विचारत होता की उताऱ्याने यांतले कोणते विधान सिद्ध होते. सामान्य अध्ययनाच्या मुख्य परीक्षेत (क) सारखे वाक्य लिहिले तर त्याचे गुण मिळतील, कारण तिथे उपाययोजना अपेक्षित असते. सीसॅटच्या उताऱ्यांवरील सूचनेत मात्र उत्तरे केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावीत असे स्पष्ट म्हटलेले असते. मला स्वतःला हा फरक अंगवळणी पडायला एक संपूर्ण वर्ष लागले, कारण सकाळी निबंधाचा सराव आणि दुपारी सीसॅट असा माझा दिनक्रम होता आणि सकाळची सवय दुपारी सुटत नसे.

(क) ला उताऱ्यासमोर धरून पाहा. भूजल खालावण्याची दोन कारणे उताऱ्यात आहेत: ओलिताचे क्षेत्र वाढले आणि अधिक पाण्याची पिके आली. (क) त्यांतल्या पहिल्याच कारणाला हात घालतो आणि त्यावरील एकाच उपायाला अपरिहार्य ठरवतो. क्षेत्रावर कोणतीही मर्यादा न घालता एखाद्या तालुक्याने पीकरचना बदलली, तर तिथे भूजल वाचणार नाही असे उतारा म्हणतो का? म्हणत नाही. मग (क) उताऱ्याच्या पुढे गेला. (अ) ची अडचण याहून सोपी आहे. उतारा ‘काही तालुक्यांत’ म्हणतो आणि (अ) ती मर्यादा पुसून टाकतो. (ब) ला विचारा की हे खोटे असू शकते का. काटकसर होऊनही एकूण वापर घटला नाही, असे एक उदाहरण उताऱ्यातच आहे. मग ‘घटेलच असे नाही’ हे विधान खोटे ठरणे शक्यच नाही. ते सौम्य आहे म्हणून निरर्थक आहे असे नव्हे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल नेमकी हीच गोष्ट दाखवली होती, की वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा एकूण खप कमी होत नाही, उलट वाढतो. अर्थात हे माहीत नसतानाही प्रश्न सुटायला हवा.

आणखी एक बाब, जी मला कोणी वेळेत सांगितली नव्हती. प्रश्नाचे वाक्य प्रत्येक वेळी नीट वाचा. ‘सर्वांत तर्कसंगत निष्कर्ष’, ‘सर्वांत महत्त्वाचा संदेश’ आणि ‘लेखकाने गृहीत धरलेली बाब’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच उताऱ्याखाली त्यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. संदेश विचारला असेल, तर लेखक वाचकाला कुठे घेऊन जात आहे हे पाहावे लागते आणि तिथे काही वेळा सुचवणीच्या स्वरूपाचा पर्यायही बरोबर ठरतो, जर संपूर्ण उतारा त्याच दिशेने लिहिलेला असेल. निष्कर्षाच्या प्रश्नात तशी सवलत नाही.

उत्तर ३: तर्कशास्त्र_शिकवलेली

मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या कला शाखेला अनेक वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. स्पर्धा परीक्षांचा मला थेट अनुभव नाही, परंतु हा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण (क) या पर्यायातील चूक मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे पाहिली आहे.

‘मर्यादा घातल्याशिवाय भूजल वाचणार नाही’ हे वाक्य आधी सरळ करून घ्या. त्याचा अर्थ होतो, ‘मर्यादा घातली तरच भूजल वाचेल’. आता ‘तर’ आणि ‘तरच’ यांतला फरक पाहा. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल’ या विधानात पाऊस पुरेसा आहे, पण विहिरीच्या पाण्यावरही पेरणी होण्याची वाट मोकळी आहे. ‘पाऊस पडला तरच पेरणी होईल’ या विधानात पाऊस आवश्यक आहे, दुसरी वाट बंद आहे, मात्र पाऊस पडूनही बियाणे नसल्याने पेरणी राहू शकते. पर्याप्त अट आणि आवश्यक अट हा जो भेद आम्ही वर्गात दोन-तीन तासिका घेऊन शिकवतो, तो आपल्या भाषेत एका ‘च’मध्ये सामावलेला आहे. तुमच्या उताऱ्याने फार तर एवढे सुचवले होते की क्षेत्र वाढले नसते तर हानी कमी झाली असती. त्यावरून ‘तरच’ निघत नाही.

म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे की इंग्रजी किंवा हिंदी प्रश्नपत्रिका वाचताना शेवटचे दोन पर्याय मनातल्या मनात मराठीत आणावेत आणि तसे करताना ‘च’ कुठे येतो व ‘ही’ कुठे येतो याकडे लक्ष द्यावे. ‘अतिवृष्टीने पीक गेले’, ‘अतिवृष्टीनेच पीक गेले’ आणि ‘अतिवृष्टीनेही पीक गेले’ ही तीन विधाने आपल्या कानाला लगेच वेगळी वाटतात. पहिले एक कारण सांगते, दुसरे इतर सर्व कारणे नाकारते, तिसरे आणखी एखादे कारण असल्याचे सुचवते. परक्या भाषेत हाच फरक वाक्यातल्या एखाद्या लहानशा शब्दावर अवलंबून असतो आणि घाईत तो नजरेतून निसटतो. परीक्षा मराठीत नाही याचे अनेकांना वाईट वाटते आणि ते रास्तच आहे, पण निदान या एका कामात आपली भाषा आपल्याला साथ देते.

एका शब्दाबाबत मात्र उलट सावधगिरी हवी. रोजच्या बोलण्यात ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ म्हटले की आपण ‘काही अनुत्तीर्णही झाले’ असे ऐकतो. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे ‘निदान एक’, आणि सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाले असले तरी ते विधान सत्यच राहते. विधान आणि निष्कर्ष या प्रकारच्या प्रश्नांत केवळ या कारणाने चुकलेली उत्तरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दोन जवळच्या पर्यायांतील दोष ओळखण्यासाठी आपल्या न्यायपरंपरेतील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, दोन शब्द मला फार उपयोगी वाटतात: अतिव्याप्ती आणि अव्याप्ती. लक्षण (व्याख्या) जेव्हा लक्ष्याच्या (जिची व्याख्या करायची त्या गोष्टीच्या) बाहेरही पसरते तेव्हा अतिव्याप्ती, आणि लक्ष्याचा काही भाग सोडते तेव्हा अव्याप्ती. हे शब्द मुळात व्याख्येच्या दोषांसाठी आहेत, परंतु पर्यायांनाही ते लावून पाहा. (अ) मध्ये ‘काही तालुके’ सोडून विधान सर्वत्र पसरले, ही अतिव्याप्ती. उताऱ्याचा सारांश विचारला असता केवळ पीकबदलाचा उल्लेख करणारा पर्याय आला, तर ती अव्याप्ती, कारण तो खरा असला तरी क्षेत्रवाढीला सोडून देतो. निष्कर्षाच्या प्रश्नात पहिला दोष घातक असतो आणि दुसरा बहुधा चालतो. सारांशाच्या प्रश्नात दोन्ही घातक असतात.

आणि व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ असा नेमाचा संबंध, उलटी करू नका. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. जुने नैयायिक यासाठी तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देत: त्यात अग्नी आहे, धूर नाही. परीक्षेतला आकर्षक चुकीचा पर्याय अनेकदा मूळ विधान असे उलटे करूनच तयार केलेला असतो, आणि सगळे शब्द ओळखीचे असल्यामुळे तो बरोबर वाटतो.

अभ्यासिका_लातूर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. (क) का चुकला हे आता मला स्पष्टपणे दिसते. मी खरोखरच उतारा सोडून दोन पर्यायांची एकमेकांशी तुलना करत होतो.

गृहीतकांच्या प्रश्नांत मात्र मी अजून अडखळतो. कालच्या चाचणीत असे विधान होते: ‘गावातील वाचनालय रात्री नऊपर्यंत सुरू ठेवले, तर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना लाभ होईल, म्हणून ग्रामपंचायतीने वेळ वाढवावी.’ गृहीतक १: त्यांपैकी निदान काही तरुण संध्याकाळनंतर वाचनालयात येऊ शकतात. गृहीतक २: त्यांपैकी बहुतेक तरुण दिवसा येऊ शकत नाहीत. मी ‘१ आणि २ दोन्ही’ असे उत्तर दिले. तालिकेत ‘फक्त १’ आहे. दुसरा प्रश्न वेळेचा आहे. दोन तासांत ८० प्रश्न असताना प्रत्येक पर्यायाला इतके तपासणे शक्य आहे का, की असे प्रश्न सरळ सोडून द्यावेत?

उत्तर ४: दोनदा_मुख्य

आधी वेळ आणि गुण यांबद्दल लिहितो, कारण तुमच्याच आकड्यांतून त्याचे उत्तर मिळते. या पेपरमध्ये बरोबर उत्तराला २.५ गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुण वजा होतात. चारही पर्यायांतून अंदाजाने उत्तर दिले, तर दीर्घकाळात मिळकत बरोबर शून्य येते, कारण एका बरोबर उत्तराचे २.५ गुण तीन चुकीच्या उत्तरांत पूर्ण वजा होतात. दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील, तर मात्र केवळ अंदाजानेही प्रश्नामागे सरासरी ०.८३ गुण पदरात पडतात. तुमचे ४७ पैकी १७ बरोबर आणि ३० चूक आले. म्हणजे ४२.५ मिळाले, २५ गेले, आणि इतके चुकूनही १७.५ गुण शिल्लक राहिले. हे प्रश्न सोडले असते तर तेही गेले असते. म्हणून सोडून देऊ नका. हेच आकडे उलटे असते, ३० बरोबर आणि १७ चूक, तर शिल्लक सुमारे ६०.८ झाली असती. सहा चाचण्यांत ४३ गुणांचा फरक, म्हणजे प्रत्येक पेपरमागे सुमारे ७ गुण. पात्रतेची रेषा ६६ वर असताना हे ७ गुण किती मोलाचे आहेत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

हे गणित परीक्षेगणिक बदलते. क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत, प्रश्न एका गुणाचा असून चुकीला ०.२५ गुण वजा होतात, त्यामुळे तिथे निव्वळ अंदाजही किंचित फायद्याचा असतो. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या एलसॅट परीक्षेत चुकीसाठी गुण वजाच होत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण उरत नाही. त्या परीक्षेत ऑगस्ट २०२४ पासून मांडणीच्या तर्ककोड्यांचा विभाग काढून युक्तिवादावरील प्रश्नांचे प्रमाण वाढवले आहे. इंग्रजी सवयीचे असेल तर तिचे जुने प्रश्न सरावासाठी उत्तम आहेत, कारण त्यांतील चुकीचे पर्याय फार काळजीपूर्वक रचलेले असतात.

वेळेचे म्हणाल, तर ८० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. पण सगळे प्रश्न सोडवायचे नसतातच. ज्याने ४५ ते ५० प्रश्न नीट सोडवले त्याला प्रत्येकी दोन मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. माझी पद्धत अशी होती की दोन पर्यायांवर आलो की त्या दोघांत नेमका कोणता शब्द वेगळा आहे तो पेन्सिलने अधोरेखित करायचा, त्या शब्दाला उताऱ्यात आधार कुठे आहे तो शोधायचा, आणि एका मिनिटात सापडला नाही तर खूण करून पुढे जायचे. परत आल्यावर तो शब्द अनेकदा चटकन सापडत असे. घरी मात्र घड्याळ बाजूला ठेवून त्याच प्रश्नावर दहा मिनिटेही घालवावीत. वहीत उत्तराचे अक्षर लिहून थांबू नका. चुकीच्या पर्यायातला नेमका कोणता शब्द चुकीचा होता तो लिहा. आणि सरावासाठी खासगी तालिकांपेक्षा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका व आयोगाचीच उत्तरतालिका वापरा. जवळच्या पर्यायांच्या प्रश्नांत खासगी संस्थांच्या तालिका एकमेकींशीही जुळत नाहीत, आणि चुकीच्या तालिकेवर मन घडवले तर ते दुरुस्त करणे अवघड जाते. अधिकृत तालिकेतही एखादे उत्तर न पटणारे निघेल. त्यावर दिवस घालवू नये.

वाचनालयाच्या प्रश्नावर तर्कशास्त्राच्या मॅडमनी लिहावे.

उत्तर ५: तर्कशास्त्र_शिकवलेली

गृहीतक म्हणजे ज्याच्यावाचून युक्तिवाद उभा राहू शकत नाही असे न बोललेले विधान. म्हणून ते ओळखण्याची खात्रीची रीत अशी, की ते विधान नाकारून पाहावे आणि युक्तिवाद कोसळतो का ते पाहावे. पहिले नाकारा: ‘एकही तरुण संध्याकाळनंतर येऊ शकत नाही.’ मग वेळ वाढवून कोणालाच लाभ होणार नाही आणि युक्तिवाद कोसळला. म्हणून १ हे गृहीतक आहे. दुसरे नाकारा: ‘बहुतेक तरुण दिवसा येऊ शकत नाहीत, हे खरे नाही’, म्हणजे निदान निम्मे तरुण दिवसाही येऊ शकतात. तरीही त्यांना रात्री आणखी दोन तास बसता येईल आणि ज्यांना दिवसा येता येत नाही त्यांचीही सोय होईल. लाभ शिल्लक राहतो, युक्तिवाद उभा राहतो. दुसरे विधान मागणीला बळकटी देते, एवढेच. बळकटी देणारे विधान आणि ज्यावर सारा भार आहे ते विधान, ही गल्लत इथे झाली आहे.

अभ्यासिका_लातूर

मॅडम, ही रीत मी लगेच एका प्रश्नाला लावून पाहिली, पण उत्तर जुळले नाही. विधान: ‘जुन्या पुलावरून जड वाहतूक बंद केली तर पुलाचे आयुष्य वाढेल, म्हणून ती बंद करावी.’ पर्याय होते ‘जड वाहतुकीमुळेच पुलाची हानी होत आहे’ आणि ‘पुलाच्या हानीत जड वाहतुकीचाही वाटा आहे’. मी पहिले नाकारले: ‘जड वाहतुकीमुळे पुलाची हानी होत नाही.’ युक्तिवाद कोसळला, म्हणून मी पहिले निवडले. तालिकेत दुसरे आहे.

उत्तर ६: तर्कशास्त्र_शिकवलेली

रीत बरोबर आहे, नकार चुकला. तुम्ही नाकारताना ‘च’ गाळलात. ‘जड वाहतुकीमुळेच हानी होते’ याचा नकार ‘जड वाहतुकीमुळे हानी होत नाही’ असा होत नाही. त्याचा नकार आहे ‘हानी केवळ जड वाहतुकीमुळे होते असे नाही’. गंजामुळेही होत असेल, पुराच्या पाण्यामुळेही होत असेल. असे असले तरी जड वाहतूक थांबवल्याने आयुष्य थोडे वाढू शकते, म्हणून युक्तिवाद टिकतो आणि पहिला पर्याय गृहीतक ठरत नाही. दुसऱ्याचा नकार ‘जड वाहतुकीचा हानीत काहीही वाटा नाही’ असा होतो, आणि तो मान्य केला तर वाहतूक बंद करण्याला आधारच उरत नाही.

याच प्रकारे ‘सर्व’ याचा नकार ‘एकही नाही’ असा करू नका. ‘निदान एक तरी तसा नाही’ एवढाच तो असतो. आणि ‘काही’ याचा नकार ‘एकही नाही’ हा असतो. आठवडाभर रोज दहा साधी वाक्ये घेऊन केवळ त्यांचे नकार लिहून काढा, उत्तरतालिकेची गरज पडणार नाही.

अभ्यासिका_लातूर

आज दुपारी वहीतील ते ३० चुकलेले प्रश्न पुन्हा काढले आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचे दोन पर्याय मराठीत लिहून पाहिले. ११ ठिकाणी मी निवडलेल्या पर्यायात ‘च’ होता आणि उताऱ्यात तो नव्हता. चार ठिकाणी मूळ विधान उलटे केलेले होते. सहा ठिकाणी मी उपाय निवडला होता आणि प्रश्न निष्कर्षाचा होता. उरलेल्या नऊंचे कारण अजून सापडलेले नाही. त्यांतले दोन उद्या इथे लिहितो.